दिवसातून चार वेळा पाव फेरा

डॉक्टरांनी दहा नंबरचा पाना माझ्या हातात दिला आणि आप्पांनी तो लगेच माझ्या हातातून काढून घेतला.

"तिला न्हाय जमायचं साहेब," ते म्हणाले. "माझं रोजचं काम हाय ह्ये."

डॉ. तांबोळी हसले. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन होऊन सात दिवस झाले होते. उजव्या पायाला गुडघ्याखालपासून पावलापर्यंत लोखंडाच्या कड्या, कड्यांना जोडणारे दांडे, दांड्यांवर नट आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा. आई ते बघून जी बाहेर गेली ती तासाभरानं डोळे पुसून आत आली. आप्पा मात्र चष्मा कपाळावर चढवून, खाली वाकून, दहा मिनिटं नुसते बघत राहिले होते आणि शेवटी म्हणाले होते, "काम झकास हाय."

"बरं, तुम्हीच करा," डॉक्टर म्हणाले. "हे आतल्या बाजूचे दोन दांडे. यांचेच नट फिरवायचे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. दर वेळी पाव फेरा. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही, तिथं बिजागरी आहे."

"सहाचा बोल्ट, एक एमएमचा आटा," आप्पा पुटपुटले. "म्हंजे चार पाव फेऱ्यांना एक एमएम. दिसाला एक एमएम हाड उघडणार."

डॉक्टर बघतच राहिले. "हे कुठं शिकलात?"

"मागावर."

आमचे आप्पा, रामलिंग बुगड, इचलकरंजीत यंत्रमागांचे जॉबर होते. माग बिघडला की तो उघडायचा, बसवायचा, कापड नीट पडेपर्यंत त्याच्या मागं लागायचं, हे जॉबरचं काम. गावात पुष्कळ जॉबर होते, पण अडलेला माग आला की लोक म्हणायचे, रामलिंगला बोलवा. आणि त्यांना एकच वेड होतं, लेव्हलचं. खिशात बोटाएवढी लेव्हलची बाटली असायची. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला नाही तर ह्या माणसाला अन्न गोड लागायचं नाही. घरातली कॉट, कपाट, आईची शिलाई मशीन, सगळ्यांच्या एकेका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आई म्हणायची, "एक दिवस माझ्या डोक्यावर बी बाटली ठिवून बघतील, बाई सरळ चालतीया का न्हाय."

अठरा दिवसांचा तक्ता डॉक्टरांनी हातानं लिहून दिला. प्रत्येक पाव फेऱ्यापुढं टिक करायची. अठरा दिवस झाले की नट तसेच ठेवायचे आणि पुढं दहा दिवसांनी दाखवायला यायचं. पहिला पाव फेरा आप्पांनी तिथंच, डॉक्टरांसमोर फिरवला. दुखलं, पण मी कॉटची दांडी धरून ठेवली. एवढं सगळं मी माझ्या हट्टानं करून घेतलं होतं, आता रडायला तोंड कुठं होतं!

कारण साधा रस्ता मी स्वतःच नाकारला होता. ते आधी सांगते.

मी सोळा वर्षांची असताना आप्पांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते. मागाला लावायचं सूत ज्या लोखंडी रुळावर गुंडाळलेलं असतं त्याला बीम म्हणतात. भरलेला बीम दोन गड्यांनाही हलत नाही. असा एक बीम स्टँडवर होता. मी आगाऊपणे त्याला हात लावला, तो घरंगळला आणि माझ्या घोट्यावर आला. नंतर मला लोखंडाचा तो गार स्पर्श सारखा आठवायचा. तळहातावर. सगळी गल्ली म्हणाली, पोरगी आधीपासनंच उंडगी, कशाला हात लावायचा? आणि खरंच होतं ते. मी खो-खोच्या शाळेच्या संघात होते. कुठं गप्प बसणं माहीतच नव्हतं.

हाड जुळलं, पण तिरकं जुळलं. पाऊल आतल्या बाजूला कललं. चालताना सगळं वजन घोट्याच्या आतल्या कडेवर. पाच-सहा वर्षांत तिथली गादी झिजून गेली. चोविसाव्या वर्षी मी नगरपालिकेच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवत होते आणि सकाळी उठल्यावर भिंत धरून मोरीपर्यंत जात होते. खो-खोत पाटीवर बसायचं म्हणजे उकिडवं बसायचं, खो मिळाला की तिथनं उसळायचं. मुलींना मी ते तोंडानं सांगायची. करून दाखवायला मला खाली बसताच येत नव्हतं. पोरी मोठ्या गुणी. एकीनंही कधी विचारलं नाही, बाई तुम्ही का बसत नाही म्हणून. त्यानंच जास्त लागायचं.

आधीच्या एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "घोट्याचा सांधा जखडून टाकू. दोन हाडं एकमेकांना चिकटवायची. दुखणं कायमचं बंद." पण मग घोटा वाकणारच नाही. चोविसाव्या वर्षी! डॉ. तांबोळींनी एक्स-रे दिव्यापुढं धरला आणि म्हणाले, "बाहेरच्या बाजूची गादी अजून शाबूत आहे. ती वापरू या की." घोट्याच्या वरचं हाड कापायचं, कड्या लावून ते रोज थोडं थोडं उघडायचं आणि पाऊल सरळ आणायचं.

"सरळ म्हणजे सरळच्याही थोडं पलीकडं," ते म्हणाले. "चप्पल एका बाजूनं झिजली की आपण पाय दुसऱ्या बाजूवर टाकतो ना? तसं. वजन चांगल्या बाजूवर गेलं पाहिजे. लक्षात ठेवा, थोडं पलीकडं."

"टिकेल किती?" मी विचारलं होतं.

"दहा वर्षं, पंधरा वर्षं. छातीठोक सांगणार नाही. पण तोवर सांधा तुझा स्वतःचा असेल."

मी तिथल्या तिथं हो म्हटलं. आप्पा शेजारीच बसले होते. 'थोडं पलीकडं' हे मी ऐकलं. आप्पांनी बहुतेक 'सरळ' एवढंच ऐकलं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मला घरी सोडलं आणि आमच्या घराचं घड्याळ त्या चार वेळांवर चालायला लागलं. सकाळी सहाला आप्पा अंघोळ करून, हात डेटॉलनं धुऊन, माझ्या कॉटशेजारी पाटावर बसायचे. पाना लावायचे, एका हातानं कडी धरायचे, आणि इतक्या हळू फिरवायचे की मला वाटायचं, अजून सुरुवातच नाही झाली. मग म्हणायचे, "झालं." दुपारी बारालाही कारखान्यातनं सायकल हाणत यायचे. मालक कुरकुरला तर त्याला म्हणाले, "तुमचा माग थांबंल, पोरीचं हाड थांबणार न्हाय." तक्त्यावर टिक करताना जीभ दाताखाली धरायचे. चौथी शिकलेला माणूस, पण टिका एका रेषेत.

तक्त्याच्या दहाव्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्यासारखा एक माणूस मला द्या हो कामाला." आप्पा त्या दिवशी येताना खाऊच्या पुड्यात पेढे घेऊन आले.

दुखायचं मात्र खूप. पाव फेऱ्यानं काय होतंय असं वाटेल कुणाला, पण तासाभरानं पाय ठणकायला लागायचा आणि पुढच्या फेऱ्यापर्यंत ठणकत राहायचा. शेवटच्या दिवसांत तर मी पावणेबाराला दाराकडं बघायची आणि देवाला म्हणायची, आज सायकल पंक्चर होऊ दे.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी खिशातनं बाटली काढली. मला उभं केलं, भिंतीला धरून, आणि खालच्या कडीवर ती ठेवली. मग वरच्या कडीवर ठेवली. बुडबुडा दोन्हीकडं मधोमध.

"वैजू, बघ," ते म्हणाले. "आठ वर्षांनी पाय लेव्हलला आला तुझा."

त्यांचे डोळे भरले होते. आईनं देवापुढं साखर ठेवली.

पण तक्त्यावर चार दिवस उरले होते. पंधराव्या दिवशी त्यांनी फिरवलं. सोळाव्या दिवशी फिरवलं. दर वेळी बाटली ठेवून बघायचे आणि बुडबुडा जरा जरा सरकलेला. जेवताना गप्प. आईशी बोलताना एकदा मी ऐकलं, "हातानं लिवलेला तक्ता हाय त्यो. चौदाच्या जागी अठरा पडलं असंल."

"डॉक्टरला फोन करा की मग," आई म्हणाली.

"एवढ्यासाठी? डोळ्यांना दिसतंय की."

सतराव्या दिवशी सकाळी ते पाटावर बसले, पाना लावला, आणि पाना उलट्या बाजूला फिरला. मी खाली बघितलं. एक पाव फेरा, दुसरा, तिसरा. थांबेचनात. आतल्या दोन्ही दांड्यांवर आळीपाळीनं.

"आप्पा, उलटं फिरवताय तुम्ही."

"गप बस. लेव्हल गेलीया."

मी तोंड उघडलं. 'थोडं पलीकडं' माझ्या जिभेवर होतं. अगदी डॉक्टरांच्या आवाजात मला ऐकू येत होतं. आणि त्याच वेळी पायातला तो ठणका, जो पंधरा-सोळा दिवस माझ्या उशाशी बसला होता, तो हळूहळू उतरला. देवाशपथ सांगते, एवढं सुख मला तोवर कशानंच वाटलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले आणि काही बोलले नाही.

पुरे दोन फेरे मागं घेऊन त्यांनी बाटली ठेवली. "आता कसं! मधोमध." उरलेल्या टिका त्यांनी तक्त्यावर तशाच करून टाकल्या. डॉक्टरांना हिशोब पूर्ण दिसावा म्हणून.

मला ठाऊक होतं. हे मला आजही लपवायचं नाही. ते भोळे होते, मी भोळी नव्हते.

त्यानंतर अकराव्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. नवा एक्स-रे दिव्यावर लावून डॉक्टर पुढं वाकले. मग त्यांनी तक्ता मागितला, टिका बघितल्या, पुन्हा एक्स-रेकडं बघितलं.

"हे जुळत नाही. तक्त्याप्रमाणं पाऊल सरळच्या पलीकडं जायला हवं होतं. हे फक्त सरळ आहे. चार फेरे कमी आहेत." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. "नट कुणी फिरवले?"

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. शर्टाच्या खिशावर हात गेला, जिथं ती बाटली होती.

"मी," मी म्हणाले. "दुखत होतं म्हणून मीच मागं घेतले. आप्पांना माहीत नाही."

का म्हणाले? मला त्यांचा तो चेहरा बघवला नाही. आणि अर्धं तर खरंच होतं.

"मूर्ख मुली!" डॉक्टर एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "केव्हा?"

"परवा," मी म्हणाले. परवा म्हटलं तर गुन्हा लहान वाटेल असं मला वाटलं.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "परवा असेल तर नशीब. हाड अजून कोवळं असेल, उघडेल. इथं ॲडमिट हो. आजपासनं दुप्पट वेगानं उघडू, दोन दिवसांत कसर भरून निघेल." ते लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "आठ-दहा दिवस झाले असते तर हा मार्ग नव्हता. हाड जुळून घट्ट झालं असतं. मग आपण नट फिरवत बसलो असतो आणि सगळा जोर हाडावर न जाता सांध्यावर गेला असता. जी गादी वाचवायला एवढं केलं तिचाच चुरा झाला असता."

त्यांचं पेन चालू होतं. मी आप्पांकडं बघितलं नाही. आता काय करावं ते मला सुचेना. खरं सांगितलं तर आप्पा, नाही सांगितलं तर सांधा. पाच-सहा सेकंद गेले असतील.

"साहेब," आप्पा म्हणाले. "लिवू नका."

डॉक्टरांनी मान वर केली.

"परवा न्हाय. अकरा दिस झाले. तिनं न्हाय, मी फिरवलं. सतराव्या दिशी सकाळी, दोन फेरे मागं. आन राहिलेलं दोन फिरवलेच न्हाईत. टिका खोट्या हाईत." ते उभे राहिले होते. शाळेत चूक कबूल करताना पोरं राहतात तसे. "लेव्हल गेली म्हणून मागं घेतलं. मला वाटलं तुमच्या लिवण्यात चूक झाली."

"माझ्या लिहिण्यात?" डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी आवाज चढू दिला नाही, आणि ते जास्तच भीतीचं होतं. "रामलिंगराव, मागावर सूत तुटलं तर गाठ मारता येते. इथं गाठ नाही मारता येत. एक फोन करायचा होतात हो."

"व्हय साहेब."

"आणि तू," ते माझ्याकडं वळले, "तू मला खोटं सांगून स्वतःचा सांधा मोडून घेणार होतीस. दोघंही कमाल आहात."

त्यांनी माझा पाय तपासला, एक्स-रे पुन्हा बघितला. मग खुर्ची पुढं ओढून नीट समजावून सांगितलं. दोन रस्ते. एक, आता इथंच सोडून द्यायचं. पाय सरळ आहे, पण वजन झिजलेल्या बाजूवरच राहणार. दोन-तीन वर्षांत सांधा जखडावाच लागेल. दुसरा, उद्या सकाळी पुन्हा थिएटर. त्याच जागी हाड पुन्हा कापायचं, आठवडाभर थांबायचं आणि राहिलेले चार फेरे पुन्हा उघडायचे. पुन्हा तोच ठणका. आणि पहिल्याइतकी खात्री नाही.

"फिरवणारा माणूस मात्र बदलावा लागेल," ते म्हणाले.

"उद्याच करा," मी म्हणाले. "फिरवायचं कुणी ते मी ठरवते."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. ते ऑपरेशन झालं, पाय हवा तेवढा पलीकडं गेला, पावसाळा संपता संपता कड्या निघाल्या. पुढच्या वर्षी मकरसंक्रांतीनंतर मी शाळेच्या मैदानावर पोरींच्या ओळीत पाटीवर उकिडवी बसले. त्याला आता सोळा वर्षं होत आली. थंडीत दुखतो, जिना उतरताना करकर वाजतो, डॉक्टर दर वर्षी एक्स-रे बघून मान डोलावतात. सांधा माझाच आहे.

पण त्या दिवशी दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वॉर्डात कॉटवर आणून बसवलं. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. सिस्टर मगदूम फॉर्म भरायला आल्या. नाव, वय, पत्ता. पहिलं ऑपरेशन कधी. मग त्यांनी विचारलं, "मूळ दुखापत कशी झाली?"

हे उत्तर मला तोंडपाठ होतं. आठ वर्षांत किती डॉक्टरांना, किती स्थळांकडच्या बायकांना मी ते दिलं होतं. "सोळाव्या वर्षी. कारखान्यात बीमला हात लावला, तो घरंगळला..."

"न्हाय," आप्पा म्हणाले.

सिस्टरनी पेन थांबवलं.

"तिनं हात लावला न्हवता."

"लावला होता आप्पा," मी म्हणाले. मला वाटलं, आता दुसरंही स्वतःच्या अंगावर घेतात की काय. "पुरे झालं आजच्याला."

"न्हाय लावला. तू माझा डबा खाली ठिवायला वाकली हुतीस. पाठ हुती तुझी बीमकडं." ते माझ्याकडं न बघता सिस्टरांकडं बघून बोलत होते. "स्टँडचा एक पाय फरशीत बसला हुता. लेव्हल गेली हुती त्याची. मला चार दिस आधी दिसलं हुतं. स्टँड लेव्हल करणं माझंच काम. आज करू, उद्या करू. त्या दिशी सकाळी बी बघितलं, आन म्हटलं, ह्यो माग सोडवतो आन मग करतो."

वॉर्डातला पंखा किरकिरत होता. शेजारच्या कॉटवरची म्हातारी कान देऊन ऐकत होती.

"मालक पळत आले, कसं झालं म्हणाले. माझ्या तोंडातनं निघून गेलं, पोरीनं हात लावला. निघूनच गेलं. मग सगळी तसंच म्हणाय लागली. तू शुद्धीवर आलीस तवा तुला बी तसंच सांगितलं."

"पण मला आठवतंय," मी म्हणाले. "लोखंड गार होतं."

"तुला कसं आठवंल? आमी सांगितलं म्हणून आठवतंय."

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. आठ वर्षं त्या तळहातावर मी तो गारवा बाळगला होता. रात्र रात्र त्या हाताला शिव्या दिल्या होत्या. खो-खो सुटलं, दोन स्थळं मोडली, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून वाकली, आणि दर वेळी मी मनात म्हटलं होतं, वैजयंता, हे तू केलंस, तुझ्या हातानं केलंस. आणि हातानं काही केलंच नव्हतं.

"आठ वर्षं!" मी ओरडले. वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "आठ वर्षं मला हा हात तोडून टाकावासा वाटायचा आप्पा! पुठ्ठे लावत फिरलात घरभर, एक शब्द नाही सांगता आला? मी मघाशी तुमच्यासाठी खोटं बोलले. कुणासाठी बोलले मी?"

ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते मान खाली घालून उभे राहिले, मारा म्हटल्यासारखे.

मी रडले, खूप रडले. सिस्टरनी पाणी दिलं. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते. नंतर येऊ का?"

"तिच्या आईची घ्या," आप्पा म्हणाले. "सांच्याला येईल ती. माझ्या हातानं दोनदा झालं. मी न्हाय आता."

हे ऐकलं आणि माझा संताप पुन्हा डोक्यात गेला. परत उद्या करू! परत दुसऱ्या कुणावर!

"आईला कशाला?" मी म्हणाले. "आईनं काय केलंय? सही तुम्ही करायची. आणि नटही तुम्हीच फिरवायचे. चार दिवस, चार वेळा, आणि फिरवताना मोठ्यानं मोजायचं. दुसऱ्या कुणाला ते पाव फेऱ्यानं जमणार नाही, आणि मघाशी अकरा दिवस झाले हे खरं सांगणारंही दुसरं कुणी नव्हतं."

"वैजू..."

"मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही. सांधा वाचवायचाय मला."

सिस्टरनी फॉर्म त्यांच्यापुढं धरला. आप्पांनी शर्टाला हात पुसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फॉर्म माझ्या कॉटच्या कडेवर ठेवून उभ्या उभ्या वाकले. 'मूळ दुखापत कशी झाली' ही जागा रिकामीच होती. सिस्टर म्हणाल्या, "ते मी लिहिते." आप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि एकेक अक्षर जोडत स्वतःच लिहिलं: बीमचं स्टँड वाकडं होतं. ते काम वडिलांचं होतं.

मग ते फॉर्मच्या तळाशी आले. रकान्यावर बोट ठेवून थांबले.

"हितं काय लिवायचं?"

"रुग्णाशी नातं," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी पेन टेकवलं नाही. ते माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ते मला विचारत होते.

"लिहा की आप्पा," मी म्हणाले. "तेवढं तरी खरं आहे."

त्यांनी 'वडील' असं लिहिलं आणि खाली सही केली.